बारावीपासून मागे मोजत या

(कॅलिफोर्नियात सातवी ते दहावीतल्या मुलांच्या मराठी पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. शेजारच्या खोलीत मुलांची मराठी शाळा भरली आहे, बाराखडीचा आवाज इथपर्यंत येतोय. दार उघडंच राहू द्या. त्या आवाजाचा आजच्या विषयाशी फार जवळचा संबंध आहे.

मी मूळची सांगलीची. गेली एकवीस वर्षं इथल्या सरकारी हायस्कुलात स्पॅनिश शिकवते. हिवाळ्याची सुट्टी संपली की पुढच्या वर्षीचे विषय निवडायचे फॉर्म येतात, आणि ते आले की मला आपल्या लोकांचे फोन सुरू होतात. प्रश्न ठरलेला असतो. ‘ताई, स्पॅनिश दोन वर्षं झालं, आता सोडलं तर चालेल ना?’ नियमाकडे बोट दाखवून मी ‘चालेल’ म्हणू शकते. पण ते म्हणताना दर वेळी माझा जीव तुटतो. का तुटतो, तेच आज सांगायचंय.

नियम आधी उरकून घेऊ. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया (यूसी) आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी (कॅल स्टेट), दोन्हीकडच्या प्रवेशासाठी जी ए ते जी अशी विषयांची यादी आहे, तिच्यात ‘ई’ म्हणजे इंग्रजीखेरीज दुसरी भाषा. तिची दोन वर्षं लागतात, आणि ती एकाच भाषेची लागतात. एक वर्ष स्पॅनिश आणि एक वर्ष फ्रेंच, असं चालत नाही. यूसी तीन वर्षांची शिफारस करते. सातवी-आठवीत केलेली भाषा यात धरता येते. कम्युनिटी कॉलेजात एक सेमिस्टर केलं तर ते हायस्कूलच्या एका वर्षाबरोबर धरलं जातं. झालं. नियम एवढाच आहे, आणि तो समजायला व्याख्यानाची गरज नाही.

गोची अशी होते की दोन हा किमान आकडा आहे आणि आपण त्याला मुक्काम समजतो. गणिताचं आपण असं करतो का? मुलगा सहावीत असतानाच बारावीत कॅल्क्युलस व्हायला हवं म्हणून मागे मोजत येतो. अकरावीत प्री-कॅल्क, दहावीत अल्जिब्रा टू, नववीत जॉमेट्री, म्हणजे आठवीत अल्जिब्रा वन झालाच पाहिजे. ही साखळी इथल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. भाषेचीही तशीच साखळी आहे, पण ती मात्र कुणी मोजत नाही.

मोजून बघू. नववीत स्पॅनिश वन घेतलं तर दहावीत टू, अकरावीत थ्री आणि बारावीत फोर किंवा एपी, म्हणजे कॉलेजच्या दर्जाचा वर्ग आणि त्याची परीक्षा. सातवी-आठवीत दोन वर्षं मिळून लेव्हल वन पूर्ण होत असेल तर मूल नववीत थेट टूमध्ये बसतं. मग एपी अकरावीत होते आणि बारावीत स्पॅनिश साहित्याची एपी किंवा कम्युनिटी कॉलेजचा पुढचा वर्ग घेता येतो. आणि नववीत ‘आधी रुळू दे, भाषा दहावीत बघू’ म्हटलं, तर बारावीत फार तर थ्री. म्हणून सातवीतल्या मुलांच्या आईबाबांना मी आज मुद्दाम बोलावलं. तुमच्या हातात सगळे रस्ते आहेत.

आता तास. शाळेचे दिवस 180, तासिका साधारण 50 मिनिटांची. म्हणजे वर्षाला 150 तास, आणि चार वर्षांत 600. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते. स्पॅनिश किंवा फ्रेंचमध्ये कामकाज करता येण्यासाठी तिथे सुमारे 600 ते 750 तास धरतात. जपानी, चिनी, कोरियन, अरबी यांना सुमारे 2200. आणि ते अधिकारी म्हणजे मोठी माणसं, छोटे वर्ग, दिवसभर तेच काम. आपल्या मुलाच्या वर्गात पस्तीस मुलं आणि डोक्यात बायोलॉजीची टेस्ट. दोन वर्षांच्या 300 तासांत भाषा ‘झाली’ असं म्हणणं म्हणजे भाताला पहिली उकळी आली की गॅस बंद करणं.

त्या 300 तासांत आणि त्यांच्यापुढे नेमकं काय असतं, ते दाखवते. इथेच शेजारची बाराखडी कामाला येते.

स्पॅनिश वनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ‘मला आवडतं’ येतं. इंग्रजीत वाढलेली मुलं इथे हमखास अडखळतात, कारण ‘आय लाइक’मध्ये आवडवून घेणारा ‘मी’ कर्ता असतो. स्पॅनिशमध्ये तसं नाही. ‘मे गुस्ता एल मांगो.’ अक्षरशः ‘मला आंबा आवडतो.’ अनेक आंबे असले की ‘मे गुस्तान लोस मांगोस’, म्हणजे ‘मला आंबे आवडतात.’ क्रियापद आंब्यामागे जातं, माझ्यामागे नाही, अगदी मराठीसारखं. एका वर्षी माझ्या वर्गात आपल्यातली एक मुलगी होती, फार गप्प असायची. सगळा वर्ग ‘यो गुस्तो’ असं चुकीचं म्हणत होता. मी तिच्या बाकाशी जाऊन हळूच म्हटलं, ‘हे मनात मराठीत म्हणून बघ.’ तिने डोळे मिटले, ओठ हलले, आणि एकदम पाच वाक्यं बरोबर म्हणाली. घरातली जी भाषा ती मैत्रिणींपासून लपवायची, ती त्या दिवशी तिच्या उपयोगाची ठरली. त्या वेळचा तिचा चेहरा मला अजून दिसतो.

उच्चारांतही हाच फायदा. स्पॅनिश ‘त’ आणि ‘द’ आपल्या ‘त’, ‘द’सारखे दातांना जीभ लावून येतात, आणि ‘प’, ‘क’ म्हणताना तोंडातून हवेचा झोत येत नाही. इंग्रजी बोलणाऱ्या मुलांची यावर महिनोन्‌महिने मेहनत घ्यावी लागते. तुमच्या मुलाला हे शेजारच्या खोलीत फुकट मिळतंय. शब्दांचंही थोडं आहे. चावी, पगार, बिजागरी, काडतूस हे शब्द पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आले, आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. पैसे चुकते करणं याला स्पॅनिशमध्येही ‘पागार’च म्हणतात.

दुसऱ्या वर्षी भूतकाळ येतो, एक नाही, दोन. ‘मी काल आंबा खाल्ला’ वेगळं आणि ‘लहानपणी मी आंबे खायचो’ वेगळं. इंग्रजीत हा भेद पुसट आहे, आपल्याकडे ‘खाल्ला’ आणि ‘खायचो’ स्वच्छ वेगळे आहेत.

आणि मग तिसरं वर्ष. ‘कीएरो के वेंगास.’ तू यावंस असं मला वाटतं. हे ‘यावंस’ म्हणजे घडलेलं काही नाही, मनातली इच्छा आहे. स्पॅनिशमध्ये इच्छा, शंका, भीती, आशा यांच्यासाठी क्रियापदाचं रूपच बदलतं, आणि त्याचा खरा सराव तिसऱ्या वर्षी होतो. तोपर्यंत मूल सांगू शकतं की माझी वही लाल आहे, मी काल बाजारात गेले. तिसऱ्या वर्षी ते म्हणू लागतं की असं झालं असतं तर बरं झालं असतं, मला वाटत नाही की हे खरं आहे. म्हणजे ते वाद घालू लागतं! पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला बोलायचं असतं ते हेच. दोन वर्षांनी थांबलेलं मूल बाजारातून परत येतं आणि दारातच राहतं. मला फोन येतो तो नेमका याच उंबरठ्यावर, म्हणून जीव तुटतो.

आता साखळी कुठे तुटते ते सांगते, कारण हे शाळा आपणहून सांगत नाही.

काही शाळांत ब्लॉक शेड्यूल असतं. वर्षाचा विषय एका सेमिस्टरमध्ये, रोज दीड तास. ऐकायला छान वाटतं. पण नववीच्या पहिल्या सेमिस्टरमध्ये स्पॅनिश वन झालं, डिसेंबरात संपलं, आणि टू मिळालं दहावीच्या दुसऱ्या सेमिस्टरमध्ये, तर मध्ये सबंध वर्षभर भाषा कानावर नाही. जानेवारीत ते मूल माझ्यासमोर बसतं तेव्हा त्याला ‘मे गुस्ता’ही आठवत नसतं, आणि त्यात त्याची काही चूक नसते. म्हणून विषय ठरवून देणाऱ्या शाळेतल्या काउन्सेलरला स्पष्ट सांगा: वन दुसऱ्या सेमिस्टरमध्ये द्या आणि टू लगेच पुढच्या वर्षीच्या पहिल्या सेमिस्टरमध्ये. मध्ये फक्त उन्हाळा राहील. हे मागावं लागतं, आणि वेळेत मागितलं तर बहुधा मिळतं.

दुसरी अडचण वरच्या वर्गांची. स्पॅनिश वनच्या सहा तुकड्या असतील, पण फोरची एकच असते. ती दुसऱ्या पिरियडला, आणि एपी फिजिक्सही दुसऱ्याच पिरियडला. किंवा बँड. वेळापत्रक तुमच्या वसंतातल्या मागणीवरून बनतं. ऑगस्टमध्ये जाऊन भांडण्यात अर्थ नाही. मुलाला कोणते दोन विषय सोडायचेच नाहीत हे आधी कळवा, म्हणजे वेळापत्रक लावणाऱ्याच्या ते डोळ्यांसमोर राहतं.

तिसरी गोष्ट माझ्या घरातलीच आहे. माझ्या मुलाला जपानीचं वेड होतं. आठवीपासून भिंतीवर हिरागानाचा, म्हणजे जपानी अक्षरांचा तक्ता. त्याच्या शाळेत जपानी होतं, आम्ही आनंदाने घातला. जपानी टू संपत आलं आणि पत्र आलं: विद्यार्थी कमी, पुढच्या वर्षीपासून वर्ग बंद. तो त्या संध्याकाळी जेवला नाही. मी स्वतः भाषेची शिक्षिका, आणि या भाषेचे चारही वर्ग दरवर्षी भरतात का, एवढा साधा प्रश्न मी प्रवेशाआधी विचारला नव्हता. पुढची दोन वर्षं तो कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळी गेला, गाडी चालवत मी गेले. भाषा वाचली, पण ते सगळ्यांना शक्य नसतं. मोठ्या पातळीवरही असं होतं. इटालियनची एपी 2009 नंतर बंद झाली होती, 2012 मध्ये पुन्हा घेतली गेली. मधल्या वर्षांतल्या मुलांची एपी हुकली ती हुकलीच.

म्हणून ‘स्पॅनिश घ्यावं की फ्रेंच?’ या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे: तुमच्या शाळेत ज्या भाषेचा चौथा वर्ग खरोखर भरतो आणि जिचे शिक्षक टिकून आहेत, त्यांतली मुलाला ओढ वाटेल ती. ‘फ्रेंच भारी दिसतं’ हे कारण नाही. ‘स्पॅनिश सोपं’ हेही नाही, वेंगासपर्यंत पोचलेला कुणी तसं म्हणणार नाही. ज्याला जर्मन आवडतं त्याला खुशाल घेऊ द्या. तो, ती, ते अशी तीन लिंगं आपल्या मुलांना घाबरवत नाहीत.

उन्हाळी क्रॅश कोर्सबद्दल विचारतात. सहा आठवड्यांत एक लेव्हल उडी मारायची. माझं मत स्पष्ट आहे, हे करू नका. ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, ग्रेडचं अक्षर उमटतं, पण सप्टेंबरात मूल वर्गात पाण्याबाहेर काढल्यासारखं बसतं. उन्हाळ्यात रोज अर्धा तास त्या भाषेतलं काही ऐकू द्या, तेवढं पुष्कळ.

आता मराठीकडे येते. एपी स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन, इटालियन, चिनी, जपानी आणि लॅटिनची आहे. मराठीची नाही, हिंदीचीही नाही. पण कॅलिफोर्नियाने 2011 मध्ये कायदा करून सील ऑफ बायलिटरसी सुरू केलं, देशात सगळ्यांत आधी. इंग्रजी आणि आणखी एका भाषेत प्रावीण्य दाखवलं की हायस्कूलच्या पदविकेवर ते सील लागतं. एपीत 3 किंवा जास्त गुण हा एक रस्ता. एपी नसलेल्या भाषांसाठी शाळा-जिल्ह्याला (स्कूल डिस्ट्रिक्टला) मान्य असलेली परीक्षा हा दुसरा. तेव्हा आपल्या जिल्ह्याला पत्र लिहून विचारा की मराठीसाठी कोणती परीक्षा तुम्ही मान्य करता. एकट्याने नाही, दहा घरांनी मिळून विचारा. आणि परीक्षेत लिहावं-वाचावं लागतं, नुसतं ‘आई, भूक लागली’ पुरत नाही. बरीच मुलं आठवीत मराठी शाळा सोडतात, कारण ‘आता हायस्कूलचा अभ्यास’. माझी कळकळीची विनंती आहे, त्याच वर्षी सोडू नका. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज इथल्या विद्यार्थ्यांना मराठी शिकायला पुण्याला पाठवते, आणि ती मुलं ‘ळ’ म्हणता यावा म्हणून घाम गाळतात. तुमच्या मुलाला ‘ळ’ लहानपणीच आला.

कालच एका बाबांनी विचारलं, ‘मुलगी दहावीत आहे, स्पॅनिश टूमध्ये बी मिळतोय, थ्रीमध्ये सी आला तर जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, जाईल.’ ही भीती खरी आहे, मी तिला हलकं म्हणणार नाही. त्यांना मी सांगितलं, आत्ताच तिच्या शिक्षिकेला भेटा आणि विचारा की बी कशामुळे आहे. बहुतेक वेळा शब्दसंग्रह ठीक असतो, ते दोन भूतकाळ नडत असतात. मग घरी रोज जेवताना तिला दोन गोष्टी मराठीत विचारा: आज काय केलंस, आणि लहानपणी काय करायचीस. नंतर तीच वाक्यं तिला स्पॅनिशमध्ये सांगू द्या. तुम्हाला स्पॅनिश यायची गरज नाही.

मराठी शाळा सुटायला अजून पंचवीस मिनिटं आहेत. ज्यांनी शाळेचा कोर्स कॅटलॉग आणलाय त्यांनी मागच्या टेबलापाशी या. पेन्सिलीने आधी बारावीचा रकाना भरू आणि मग खाली येऊ. दहावीवाल्यांनी आधी या, त्यांचा फॉर्म शुक्रवारी द्यायचा आहे.