तोंड धुताना तोल जातो? पायांच्या नसांकडे बघा

नमस्कार. आधी एक प्रश्न विचारते. तुमच्या घरातलं वयस्कर माणूस बेसिनपाशी तोंड धुताना, डोळे मिटले की झोकांडी खातं का? आणि त्याच माणसाच्या तळपायांची रात्री आग होते का? आग होते म्हणून आपण गोळी आणतो आणि तोल गेला की ‘वय झालं’ म्हणून सोडून देतो. पण बऱ्याचदा या दोन्ही तक्रारी एकाच ठिकाणाहून येतात, पायांच्या नसांमधून. रक्ताच्या नव्हे, मेंदूला खबर पोचवणाऱ्या नसा, म्हणजे मज्जातंतू.

आपला तोल तिघं मिळून सांभाळतात: डोळे, कानाच्या आतली यंत्रणा आणि पायांकडून मेंदूला जाणारी खबर. पाऊल कुठे टेकलं, घोटा किती वळला, हे नसा सांगतात. नसा खराब झाल्या की ही खबर उशिरा पोचते किंवा पोचतच नाही. मग सगळी भिस्त डोळ्यांवर. दिवसा निभावतं. रात्री दिवा न लावता बाथरूमला निघालं की घात होतो.

लोक म्हणतात, ‘पण पाय तर दुखतोय, मग बधिर कसा?’ दोन्ही एकाच वेळी असू शकतं. ज्या पावलाला चादरीचा स्पर्श सोसवत नाही, त्याच पावलातून चप्पल निसटलेली कळत नाही. दुखतं म्हणून आपण दुखण्याबद्दल बोलतो. बधिरपणा गप्प असतो, आणि पाडतो बऱ्याचदा तोच.

कारणांमध्ये मधुमेह सगळ्यांत पुढे. शिवाय केमोथेरपी, दारू, बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ कमी होऊ शकतं, म्हणून बी-१२ नक्की तपासून घ्या, कारण ही कमतरता भरून काढता येते.

आता ज्यासाठी मी हा व्हिडिओ करतेय ते सांगते. नसांच्या दुखण्यावर प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन अशी औषधं देतात. अनेकांना त्यांनी खरंच झोप लागते, जगणं सुसह्य होतं. पण याच गोळ्यांनी गुंगी येते, गरगरतं. यातली प्रीगॅबालिन आणि गॅबापेंटिन किडनीवाटे बाहेर पडतात. किडनी मंदावली असेल तर नेहमीचा डोससुद्धा जास्त होतो. अमिट्रिप्टिलिनने उभं राहताना बीपी घसरू शकतं. त्यात झोपेची गोळी आणि बीपीची गोळी असेल, आणि प्रत्येक गोळी वेगळ्या डॉक्टरांनी लिहिलेली असेल, तर सगळ्यांची बेरीज कुणी केलेलीच नसते.

म्हणून घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून एकाच डॉक्टरांसमोर ठेवा. झोपून आणि मग उभं राहून, असं दोनदा बीपी मोजायला सांगा. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर ते लक्षात घेण्यासारखं आहे. पण कृपा करून स्वतःच्या मनाने गोळी एकदम बंद करू नका. प्रीगॅबालिन आणि गॅबापेंटिन हळूहळूच कमी करावी लागतात.

तोल सांभाळण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या, रोज करा. पलंगापासून बाथरूमपर्यंत मंद दिवा आजच लावा. घरात मागून उघडी चप्पल नको, टाच धरून ठेवणारी हवी.

आणि आई-बाबांना ‘पडलात का?’ असं विचारू नका. पडलेलं माणूस ते लपवतं, बाहेर जाणं बंद होईल या भीतीने. त्याऐवजी विचारा, ‘हल्ली भिंतीला हात लावून चालावं लागतं का?’ याचं उत्तर ते खरं देतील.