१०२४ बाइटांच्या आत

पडद्यावर दिसते आहे ते रानभाज्यांच्या माहितीचे एक पान. वर ‘शेवळ’ असे शीर्षक, त्याखाली तीन परिच्छेद, मग चार दुवे, आणि पान संपले. अक्षरांचा रंग कोणता असावा, ती किती मोठी असावीत, मागची बाजू पांढरी असावी की काळी, यांतले काहीही हे पान लिहिणाऱ्या बाईंनी ठरवलेले नाही. ते वाचणाऱ्याने आपल्या संगणकावर आपल्या सोयीने ठरवलेले आहे. सगळे पान सहा किलोबाइटांच्या आत मावते. आज वेबवरचे मध्यम आकाराचे पान उघडायचे म्हटले तरी दोन मेगाबाइटांहून अधिक माहिती उतरवून घ्यावी लागते आणि तिच्यातला मोठा भाग वाचकासाठी नसतोच.

हे पान वेबवर नाही. नेहमीच्या ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकला तर ते उघडणार नाही, कारण ते ‘जेमिनी’ नावाच्या वेगळ्या प्रोटोकॉलवर, म्हणजे संगणकांनी एकमेकांशी बोलण्याच्या वेगळ्या नियमावलीवर चालते. गूगलने हेच नाव आपल्या कृत्रिम बुद्धिमत्तेला २०२३ साली दिले. त्याचा या जेमिनीशी संबंध नाही. हा प्रोटोकॉल २०१९ च्या जून महिन्यात, ‘सोल्डरपंक’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका हौशी माणसाने मांडला आणि जगभरच्या हौशी मंडळींनी ईमेलच्या टपालयाद्यांवर चर्चा करून तो घडवला. त्यामागे कोणतीही कंपनी नाही.

जेमिनी समजून घ्यायचा तर आधी गोफर हा जुना प्रोटोकॉल पाहायला हवा. आता दिसणारा हा मेनू जुन्या चित्रफितीतला नाही, आजही चालू असलेल्या एका गोफर सर्व्हरवरून, म्हणजे पाने पुरवणाऱ्या संगणकावरून, आम्ही तो थेट चित्रित केला आहे. एकाखाली एक ओळी आहेत; एखादी ओळ निवडली की एक तर मजकूर उघडतो, नाही तर पुढचा मेनू. १९९१ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात मार्क मकाहिल, फरहाद अंकलेसरिया, पॉल लिंडनर, डॅनियल टॉरी आणि बॉब अल्बर्टी यांनी गोफर तयार केला. विद्यापीठाच्या क्रीडासंघांचे नावही गोफरच आहे. वेब तेव्हा नुकताच जन्मला होता आणि पहिली काही वर्षे गोफर त्याच्या पुढे होता. ग्रंथालयांच्या याद्या, हवामानाचे अंदाज, विद्यापीठांची माहितीपत्रके असे सगळे त्याच्यावर मिळत असे. १९९३ च्या वसंतात मिनेसोटा विद्यापीठाने गोफरच्या सर्व्हरसाठी काही वापरकर्त्यांकडून परवानाशुल्क घेण्याचे जाहीर केले आणि त्याच वर्षी ३० एप्रिलला ‘सर्न’ या युरोपीय संशोधनसंस्थेने वेबचे मूळ सॉफ्टवेअर सर्वांसाठी खुले केले. मजकुरातच चित्र दाखवणारा मोझेक ब्राउझरही त्याच वर्षी आला. गोफर मागे पडला, पण बंद झाला नाही. हौशी लोकांनी त्याचे सर्व्हर चालते ठेवले, आणि त्या लोकांत सोल्डरपंकही होता.

गोफरमध्ये त्याला दोन उणिवा खटकत होत्या. एक म्हणजे मजकूर वाटेत कोणीही वाचू शकतो, कारण तो सांकेतिक रूपात जात नाही. दुसरी म्हणजे मेनू आणि मजकूर वेगवेगळे असल्यामुळे वाचता वाचता मध्येच दुवा देता येत नाही. वेबमध्ये या दोन्ही गोष्टी होत्या, पण त्यांच्याबरोबर वाचकावर पाळत ठेवणारे बाकीचे सगळेही आले होते. अमेरिकेच्या अंतराळमोहिमांमध्ये मर्क्युरी आणि अपोलो यांच्या मधली मोहीम जेमिनी. गोफर आणि वेब यांच्या मधली जागा घेणाऱ्या या प्रोटोकॉलला म्हणूनच ते नाव मिळाले. त्याचा पोर्ट क्रमांक, म्हणजे सर्व्हरवर ज्या दारातून ही जोडणी होते त्याचा क्रमांक, १९६५ आहे. त्या वर्षी २३ मार्चला जेमिनीचे पहिले समानव उड्डाण झाले होते.

हे हात शेवळाचे पान लिहिणाऱ्या बाईंचे आहेत. त्या शहापूर तालुक्यात राहतात आणि आपले नाव माहितीपटात येऊ नये अशी त्यांची इच्छा आहे. ज्या साध्या मजकूरसंपादकात त्या हिशेब लिहितात, त्यातच पानही लिहितात. ओळीच्या सुरुवातीला एक चौकट-चिन्ह (#) टाकले की ती ओळ शीर्षक होते. दोन किंवा तीन टाकली की उपशीर्षक. तारका टाकली की यादीतली बाब होते. बरोबरचे चिन्ह आणि त्याला लागून बाणासारखे चिन्ह (=>) टाकले की ती ओळ दुवा होते, आणि एका ओळीत एकच दुवा देता येतो. परिच्छेदाच्या मधोमध निळा शब्द पेरून वाचकाचे लक्ष दुसरीकडे वळवण्याची सोय येथे मुळातच नाही. बाईंचे म्हणणे असे, की या नियमामुळे त्यांना आधी आपले सांगून संपवावे लागते आणि मगच दुसऱ्याच्या दारी पाठवता येते.

आता त्या लिहीत आहेत तो परिच्छेद नीट पाहण्याजोगा आहे. शेवळाचा कोंब पहिल्या पावसाबरोबर जमिनीतून वर येतो. भाजी नुसती शिजवली तर घसा खवखवतो, म्हणून ठाणे-पालघर भागात तिच्यात काकड या रानफळाचा आंबट रस घालण्याची रीत आहे. काकडे किती घ्यायची, ती ठेचायची कशी, शेवळाचा कोणता भाग काढून टाकायचा, हे बाईंना आठवडी बाजारात शेवळ विकायला बसणाऱ्या मावशींनी सांगितले. ते त्यांनी सांगितले त्याच क्रमाने, त्यांच्याच शब्दांत येथे आले आहे. मध्ये जाहिरात नाही, आणि हे वाचणारा कोण आहे याची नोंदही कुठे होत नाही.

अशी नोंद होत नाही याचे कारण कोणाचा चांगुलपणा नव्हे, तर प्रोटोकॉलची रचना आहे, आणि आमच्या मते जेमिनीचे सगळे मोल त्या रचनेत आहे. पडद्यावर वाचकाच्या संगणकाने पाठवलेली मागणी दिसते आहे. ती एका ओळीची आहे: पानाचा पत्ता आणि ओळ संपल्याची खूण. हा पत्ता १०२४ बाइटांपेक्षा मोठा असता कामा नये. पत्त्याखेरीज या ओळीत दुसरे काही पाठवताच येत नाही. ब्राउझर कोणता, वाचक कोणत्या पानावरून आला, मागच्या खेपेला त्याने काय पाहिले, हे सांगायला जागाच ठेवलेली नाही. सर्व्हरकडून उलट येते ती दोन अंकांनी सुरू होणारी ओळ. २० म्हणजे पान मिळाले, ५१ म्हणजे ते येथे नाही, १० म्हणजे तुमच्याकडून काही शब्द हवे आहेत. बाईंच्या सर्व्हरच्या या ओळीत भाषेचा संकेतही आहे आणि तो मराठीचा आहे. मागोमाग मजकूर येतो आणि जोडणी तुटते. मजकुराच्या पोटात दडून आपोआप उतरणारी दुसरी फाइल असूच शकत नाही. छायाचित्र हवे असेल तर वाचकाने त्याचा दुवा स्वतः उघडायचा.

या ओळींमध्ये पुढेमागे नवी भर घालता येईल अशी फट जाणूनबुजून ठेवलेली नाही. वेबही सुरुवातीला असाच साधा होता. त्यात भर घालण्याची मुभा होती आणि एकेक सोय वाढत गेली. जेमिनीच्या कर्त्यांनी ही मुभाच नाकारली. कामापुरता ब्राउझर शंभर ओळींच्या आत लिहिता यावा आणि एकट्या माणसाला तो शनिवार-रविवारात हातावेगळा करता यावा, अशी त्यांनी स्वतःला घातलेली अट होती. म्हणूनच ‘लाग्रांज’सारखा देखणा ब्राउझर आहे, टर्मिनलमध्ये, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या आज्ञा-खिडकीत, चालणारा ‘आम्फोरा’ आहे, आणि हौसेने लिहिलेले इतर अनेक आहेत.

खिडकीशी ठेवलेला हा तळहाताएवढा रास्पबेरी पाय नावाचा छोटा संगणक म्हणजे बाईंचा सर्व्हर. आपल्याकडच्या बऱ्याच घरगुती इंटरनेट जोडण्यांना बाहेरून थेट पोहोचता येईल असा स्वतंत्र पत्ता मिळत नाही. बाईंनी वेगळे पैसे भरून तो घेतला. सुरक्षेचे प्रमाणपत्र त्यांनी स्वतःच एका आज्ञेने तयार केले, कारण जेमिनीत ते कोणा अधिकृत संस्थेकडून घ्यावे लागत नाही. पहिल्या भेटीत वाचकाचा ब्राउझर त्या प्रमाणपत्राची ओळख लक्षात ठेवतो आणि पुढे ते अवचित बदलले तर सावध करतो.

देवनागरीसाठी मात्र बरीच खटपट करावी लागली. हे दृश्य टर्मिनलमधले आहे: ‘शेवळाच्या’ या शब्दातले जोडाक्षर फुटून च वेगळा आणि या वेगळा पडला आहे. लाग्रांजमध्ये योग्य फॉन्ट बसवल्यावर तोच शब्द सरळ दिसतो. दुसरी अडचण पत्त्यांची. ‘शेवळ’ हा शब्द साठवायला १२ बाइट लागतात, पण पत्त्यात घालायचा तर प्रत्येक बाइट तीन रोमन चिन्हांनी लिहावा लागतो, म्हणजे तो ३६ बाइटांचा होतो. या हिशेबाने १०२४ बाइटांत देवनागरीची जेमतेम ११० चिन्हे मावतात, आणि काने-मात्रा त्यांतच धरायच्या. पानावरच्या शोधासाठी एवढे पुरते, सविस्तर अभिप्रायासाठी पुरत नाही. बाईंनी फाइलींची नावे रोमन अक्षरांत ठेवली आणि अभिप्रायासाठी ईमेलचा पत्ता दिला.

वाचक थोडे आहेत, जेमिनीवरची संकेतस्थळे एकूण काही हजारच आहेत, सांकेतिक जोडणीची सक्ती असल्यामुळे फार जुन्या संगणकांवर ती उघडत नाहीत, आणि ज्या मावशींनी पाककृती सांगितली त्यांच्या फोनवरही वेगळे ॲप घेतल्याशिवाय हे पान दिसत नाही.

टाकळा, कुर्डू आणि भारंगी यांची पाने तयार आहेत. फोडशीचे पान अजून व्हायचे आहे, कारण ती निवडण्याच्या दोन रीती बाजारात ऐकायला मिळाल्या आणि दोन्ही प्रत्यक्ष करून पाहिल्याखेरीज बाई लिहिणार नाहीत. त्याच्या जोडीला त्यांनी आणखी एक पान लिहायला घेतले आहे: असा सर्व्हर घरी कसा उभा करावा याच्या मराठीतल्या सूचना, पहिल्या आज्ञेपासून प्रमाणपत्रापर्यंत. सध्या त्या प्रमाणपत्राच्या भागापर्यंत पोहोचल्या आहेत. प्रत्येक पायरी त्या एका रिकाम्या मेमरी कार्डावर नव्याने करून पाहतात आणि मगच ती पानावर उतरवतात.