नावं झाका, अहवाल नको

नमस्कार श्रोतेहो. बंदोबस्तातल्या मनोरुग्णालयाची तपासणी झाली, तर तिचा अहवाल कुणी वाचायचा? फक्त खात्यानं, की तुम्ही-आम्हीही? ‘रुग्णाची गोपनीयता’ म्हटलं की फाईल कपाटात जाते. पण गोपनीयता रुग्णाची असते, कारभाराची नव्हे.

यावरचा एक किस्सा मला भारी आवडतो. साल १९६७. ब्रिटनमधल्या वेल्सच्या कार्डिफचं ईली मनोरुग्णालय. तिथल्या एका मदतनीसानं वर्तमानपत्राला कळवलं, की इथं रुग्णांना मारझोड होते, त्यांच्या वाट्याचं खाणं-कपडे पळवले जातात. चौकशी बसली. अध्यक्ष जेफ्री हाउ, नावाजलेले वकील; पुढे ब्रिटनचे अर्थमंत्री झाले. त्यांनी अहवाल लिहिला तो चांगला लांबलचक. आता तो छापायचा किती? थोडक्यात उरका, असा धोशा सुरू झाला. (सारांश हा प्रकार मला आवडत नाही, अध्यक्षीय भाषणांचा तेवढा चालतो!) हाउ हटेनात. शेवटी प्रकरण गेलं आरोग्य खात्याचे मंत्री रिचर्ड क्रॉसमन यांच्याकडे. ते म्हणाले, सगळाच छापा. मार्च १९६९मध्ये तो जसाच्या तसा लोकांच्या हाती आला. आणि तक्रार करणाऱ्याचं नाव? अहवालभर तो नुसता ‘एक्स वाय’! नाव झाकलं, कारभार उघडा ठेवला.

पुढची गंमत ऐका. याच प्रकरणातून क्रॉसमननी रुग्णालयांना भेटी देणारी सल्लागार सेवा काढली. तिचे अहवाल? कित्येक वर्षं गोपनीयच!

आता तिथं चित्र पालटलंय. रॅम्पटन हे इंग्लंडमधलं कडेकोट पहाऱ्यातलं मनोरुग्णालय. जानेवारी २०२४मध्ये तिथल्या आरोग्यसेवा तपासणी आयोगानं त्याला सर्वांत खालची श्रेणी दिली, कर्मचारी अपुरे म्हणून ठपका ठेवला. हे कुणालाही वाचता येतं. चाव्या, पहारे यांचा तपशील झाकावा, त्याला कोण नाही म्हणतंय?

आपल्याकडे मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ आहे. त्याचं कलम २३ रुग्णाची माहिती जपतं. जपायलाच हवी. पण म्हणून अख्खा अहवाल कपाटात घालायचं कारण नाही.

येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांबद्दल माहिती मागणार असाल, तर अर्जात एक ओळ जादा लिहा: ‘माहिती अधिकार कायद्याच्या कलम १०नुसार रुग्णांची नावं-ओळख वगळून उरलेला अहवाल द्यावा.’ पुन्हा सांगतो, कलम १०. त्यानुसार अर्धवट माहिती दिली, तरी काय वगळलं आणि का, हे अधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं. नमस्कार.