लाकडी बेसबॉल बॅट निवडताना

श्रोतेहो, नमस्कार. आपल्याकडे शाळा-महाविद्यालयात सॉफ्टबॉल खेळून पुढे बेसबॉलकडे वळलेले खेळाडू आहेत, आणि नोकरी-शिक्षणासाठी अमेरिकेत गेलेल्यांपैकी काही जण तिथल्या हौशी प्रौढ संघांतून सुट्टीच्या दिवशी मैदानात उतरतात. यांतल्या बहुतेकांचा हात ॲल्युमिनियमच्या बॅटवर बसलेला असतो. लाकडी बॅट घेण्याची वेळ आली की त्यांचा पहिला प्रश्न असतो, 'कुठल्या कंपनीची घेऊ?' माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा.

माझी पहिली लाकडी बॅट ३४ इंची होती आणि ती मी केवळ रुबाबदार दिसते म्हणून घेतली होती. तिसऱ्याच सामन्यात एक चेंडू अंगाकडे आत आला, मुठीच्या वर वीतभर अंतरावर लागला, आणि माझ्या हातात नुसता दांडा उरला. तुकडा निरखून पाहिला तेव्हा लक्षात आले की, बोरूचे टोक छाटावे तशी तिरपी भेग गेली होती आणि लाकडातल्या रेषाही मुळात तशाच तिरप्या होत्या. म्हणजे ती बॅट दुकानात होती तेव्हाच तिचे मोडणे ठरलेले होते. ते कुठे पाहायचे हे मला ठाऊक नव्हते, एवढेच.

क्रिकेटच्या बॅटला वेताचा दांडा वेगळा बसवलेला असतो आणि तो धक्का बराचसा पचवतो. बेसबॉलची बॅट मात्र एकाच अखंड लाकडातून कातून काढतात. अमेरिकेतल्या व्यावसायिक नियमांनुसार तिचा जास्तीत जास्त व्यास २.६१ इंच आणि लांबी फार तर ४२ इंच असते. प्रत्यक्षात प्रौढ खेळाडू ३२ ते ३४ इंचांच्या बॅटनेच खेळतात. लांबीचे इंच आणि वजनाचे औंस यांतल्या फरकाला 'ड्रॉप' म्हणतात. ३३ इंच लांबीच्या आणि ३१ औंस, म्हणजे सुमारे ८८० ग्रॅम वजनाच्या बॅटचा ड्रॉप उणे २ झाला. जुन्या काळातला नामवंत अमेरिकी फलंदाज बेब रूथ ४० औंसांहून जड, हिकरी लाकडाची बॅट वापरत असे, हे ऐकून कोणी हुरळून जाऊ नये. बॅट एका हातात धरून हात खांद्याच्या रेषेत बाजूला सरळ करावा आणि अर्धा मिनिट तसाच ठेवावा. टोक खाली झुकू लागले तर ती बॅट आपल्यासाठी जड आहे, मग विक्रेता काहीही म्हणो.

आता लाकूड. मुख्य प्रकार तीन: ॲश, मेपल आणि बर्च. ॲश हलके आणि लवचीक. अनेक दशके बॅट म्हणजे ॲश असेच समीकरण होते. मात्र २००२ साली मिशिगनमध्ये आशियातून आलेली एक हिरवी कीड आढळली आणि तिने ॲशची कोट्यवधी झाडे मारली, त्यामुळे चांगले ॲश मिळणे कठीण झाले आहे. मेपल टणक. कॅनडातल्या ओटावाच्या सॅम होलमन नावाच्या सुताराने नव्वदच्या दशकात ते पुढे आणले आणि २००१ च्या हंगामात बॅरी बाँड्स या अमेरिकी फलंदाजाने मेपलच्या बॅटने ७३ होमरन (चेंडू थेट मैदानाच्या कुंपणापार धाडणारे फटके) मारल्यावर त्याची लाटच आली. बर्च हे आपल्या भूर्जाचे भाऊबंद. टणकपणा आणि लवचीकपणा या दोन्हींत ते मधले आहे. लाकडी बॅट पहिल्यांदाच घेणाऱ्याला मी बर्चच सुचवतो.

मेपलच्या बॅट मोडून त्यांचे अणकुचीदार तुकडे मैदानात उडू लागले, तेव्हा २००८ मध्ये मेजर लीगने, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल लीगने, तज्ज्ञांकडून त्याची तपासणी करवून घेतली. दोष निघाला रेषांच्या तिरकेपणाचा. रेषा दांड्याच्या सरळ रेषेपासून ३ अंशांहून अधिक कलू नयेत, असे ठरले. हा कल एका फुटात सुमारे १.६ सेंटिमीटर भरतो. ॲशवर रेषा डोळ्यांना दिसतात, पण मेपल आणि बर्चवर त्या फसव्या असतात. म्हणून दांड्यावर शाईचा एक थेंब टाकतात. शाई लाकडाच्या तंतूंतून पसरते आणि कोणत्या दिशेने पसरली त्यावरून कल कळतो. दुकानात बॅट उचलली की आधी हा ठिपका शोधावा. शाईची शेपटी दांड्याला समांतर असेल तर बॅट घ्यावी, तिरपी असेल तर परत ठेवावी. क्रिकेटच्या सवयीने ग्रेन्स, म्हणजे लाकडातल्या रेषा, मोजत बसणे मेपलच्या बाबतीत निरर्थक आहे.

कंपनीचा छाप बॅटवर उगाच कुठेही नसतो. ॲशच्या रुंद पापुद्र्यावर चेंडू वारंवार बसला तर थर सुटू लागतात, म्हणून ॲशला कडेच्या, एकमेकींना लागून रेषा दिसणाऱ्या बाजूने मारायचे असते; मेपलला बरोबर उलट बाजूने. त्या-त्या लाकडाप्रमाणे छापाची जागा ठरवलेली असल्यामुळे खेळाडूने छाप आकाशाकडे किंवा जमिनीकडे ठेवावा, म्हणजे चेंडू योग्य बाजूवर लागतो.

बॅटच्या आकारांना नावांऐवजी आकडे आहेत. ११० चा दांडा जाडसर आणि तोल सावरलेला. २७१ चा दांडा त्याहून बारीक. २४३ चा दांडाही बारीक, बॅरल, म्हणजे चेंडू मारायचा जाड भाग, मोठे आणि वजन टोकाकडे. २४३ हातात घेताच मोह होतो, पण ॲल्युमिनियमवरून आलेल्याने तो आवरावा, कारण आत आलेल्या चेंडूवर बारीक दांडाच आधी दगा देतो.

आणि शक्य असेल तर एकाच मापाच्या दोन बॅट घ्याव्यात, कारण एक मोडली तरी सामना थांबत नाही आणि परक्या बॅटचा तोल भर डावात हाताला जुळवून घेणे फार अवघड असते. अमेरिकेहून कोणी आणणार असेल तर त्यांना आधीच सांगून ठेवा: विमानात ही बॅट हातातल्या सामानातून नेता येत नाही, चेक-इनच्या बॅगेतच घालावी लागते, आणि ३३ इंची बॅट नेहमीच्या बॅगेत तिरपी ठेवली तरच मावते.