चढणारा तंतू

[रात्र. लालबागमधल्या एका चाळीचं पटांगण.]

साडेदहा वाजलेत. घराघरांतले टीव्ही अजून चालू आहेत. गुरुपौर्णिमेला नारळ फुटला, तेव्हापासून ही पोरं दहीहंडीच्या सरावाला रोज याच वेळी जमतात. कुणी बँकेतून येतो, कुणी गॅरेजमधून. एकाच्या पाठीवर अजून ऑफिसची सॅक आहे.

हंडी म्हणजे नुसता धांगडधिंगा असं म्हणणाऱ्यांनी गोविंदा या दिवसांत बघावा. डीजे नाही, बक्षीस नाही.

[पोटऱ्या, अगदी जवळून.]

ही पोटरी खालच्या थरातली. वर माणूस चढला आणि ती थरथरली, पाहिलंत? घाबरून नाही. वजन आलं, स्नायू ताणला गेला. किती ताणला हे मोजणारे बारीक तंतू स्नायूच्या पोटातच असतात. त्यांनी मज्जारज्जूला कळवलं आणि तिथूनच हुकूम सुटला, आवळ! सेकंदाचे २० भाग केले तर एवढं सगळं त्यातल्या एका भागात उरकतं. अशा जाड चेतातंतूंमधून निरोप सेकंदाला १०० मीटरपर्यंत धावतो, म्हणजे ताशी ३६० किलोमीटर. विरार फास्टही लाजेल. मेंदूला खबर लागते तोवर पोटरीचं काम झालेलं असतं.

[वरून घेतलेलं दृश्य. एक्के चढताहेत.]

हे तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून घेतलंय. तिथल्या आजींनी तुळशीची कुंडी सरकवू दिली, म्हणून.

वरचे थर एकेका माणसाचे, त्यांना एक्के म्हणतात. या मुलाच्या पायाखाली जमीन नाही, कुणाचा तरी घामेजलेला खांदा आहे. तोल कुठे चाललाय हे त्याला तीन ठिकाणांहून कळतं : तळवे आणि सांधे, डोळे, आणि कान. कानाच्या आत एका चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे कण बसलेले असतात. संगमरवरही त्याचाच असतो. डोकं कललं की ते घसरतात, खालचे सूक्ष्म केस वाकतात आणि मेंदूला खाली कुठे ते समजतं.

[थर डगमगतो. कोसळतो. खालचे हात वर येतात.]

पाचव्यावर सुटला. प्रशिक्षक ओरडतात, "घाई केलीस!" हीच तक्रार त्याच्या डोक्यातही नोंदवली जातेय.

मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. त्यातल्या जवळजवळ ६,९०० कोटी एकट्या लहान मेंदूत, मानेच्या वर, डोक्याच्या मागच्या बाजूला. वजनानं तो मेंदूचा जेमतेम दहावा हिस्सा. तिथल्या मोठ्या पेशींचं वर्णन पुर्किन्ये या शास्त्रज्ञानं १८३७ मध्ये केलं. त्यांना आजही त्याचंच नाव आहे. पसरलेल्या झाडासारखी एकेक पेशी लाखभर तंतूंचं ऐकते. पण खालून एकच तंतू वेटोळे घेत तिच्या फांद्यांवर चढतो. त्याचं शास्त्रीय नावच 'चढणारा तंतू'. आम्ही ठेवलेलं नाही! हालचाल चुकली की हा तंतू इशारा देतो, आणि त्या क्षणी चुकीची साथ देणारे पेशींमधले जोड थोडे सैल पडतात. एका रात्रीत काही दिसत नाही. रोज थोडं, रोज थोडं. महिन्याभरानं पाय आपोआप खांद्याचा मधला भाग शोधतो.

[हेल्मेट. दोर.]

२०२२ मध्ये सरकारनं दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला. हेल्मेट, दोर, गाद्या आल्या, सगळीकडे नाही. मानेतला मज्जारज्जू तुटला तर त्यातले तंतू पुन्हा जुळत नाहीत, आणि दरवर्षी काही घरांत गोपाळकाल्यानंतर अंथरूण घातलं जातं ते उचललं जात नाही.

[पुन्हा पटांगण.]

साडेअकरा. वरून कुणीतरी ओरडलं, "अरे, पोरांची सकाळची शाळा आहे!" खालून उत्तर गेलं, "शेवटचा, काकू."

तोच मुलगा हाताला माती चोळतो. पहिला थर खांद्याला खांदा लावून उभा राहतो.

[थर लागतो. इथून निवेदन नाही, फक्त पटांगणाचा आवाज.]