मोदक जेवेना

(न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबांच्या मेळाव्यात एका पशुवैद्याने केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, ‘पाळलेला बेडूक जेवेना, तर काय करायचं’ हा विषय सांगितला तेव्हा मागच्या रांगेत हसू फुटलं, ते इथवर ऐकू आलं. हरकत नाही. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात मी शिकत होतो तेव्हा गाय, म्हैस, घोडा, फार तर एखादा लाडावलेला पॉमेरेनियन, एवढाच आमचा संसार होता. बेडकाची आणि आमच्या पिढीची ओळख कुठली, तर बारावीच्या प्रयोगशाळेतली. मेणाच्या ट्रेमध्ये उताणा, चारी पायांना टाचण्या. आता तोच बेडूक डब्यात घालून, डब्यावर मुलाच्या अक्षरात नाव लिहून, लोक माझ्याकडे येतात. आणि बहुतेकांची तक्रार एकच. डॉक्टर, हा जेवत नाही.

एका जानेवारीत एका बाईंचा फोन आला. मूळच्या पुण्याच्या. म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, आमचा मोदक १९ दिवस जेवलेला नाही.’’ मला क्षणभर वाक्याचाच उलगडा होईना. मोदक म्हणजे त्यांच्या मुलाचा बेडूक. पॅकमन फ्रॉग म्हणतात तो. अर्जेंटिना, पॅराग्वे, बोलिव्हिया या भागात ग्रान चाको नावाचा कोरडा, उष्ण प्रदेश आहे, तिथला हा राहणारा. अंगाने गोल, जमिनीवर बसकण मारलेली, आणि तोंड जवळजवळ डोक्याएवढंच रुंद. नाव अगदी शोभणारं ठेवलं होतं.

मी विचारलं, आतापर्यंत काय काय केलंत? यादी मोठी होती. चिमट्यात रातकिडा धरून ओठांवर टेकवून झाला. उकडलेलं चिकन दाखवून झालं. उंदराचं पिल्लू आणून झालं. एक व्हिडिओ बघून जुन्या क्रेडिट कार्डाच्या कोपऱ्याने दोनदा जबडा उघडून आत किडा ठेवला, तो त्याने दोन्ही वेळा पुढच्या पायांनी ओढून बाहेर काढला. आणि सासूबाई आल्या होत्या कोल्हापूरहून. त्यांना पोटावर लालसर दिसलं, म्हणून त्यांनी थोडी हळद लावली.

आता यात कुणाची चूक काढायची? आपण आग्रहाची माणसं. पाहुणा नको म्हणाला की त्याच्या पानात आणखी दोन पोळ्या पडतात. मूल जेवत नसेल तर एक घास काऊचा, एक घास चिऊचा. जेवला नाही म्हणजे काहीतरी बिघडलंय आणि जेवला की बरं वाटेल, हे आपल्या हाडात आहे. बेडकाच्या बाबतीत मात्र गाडी उलट चालते. आधी बरं वाटावं लागतं, मग तो जेवतो. म्हणून मी त्या बाईंना म्हटलं, बेडकाचा फोटो नको, त्याच्या पेटीचा पाठवा. आणि आत तापमान किती आहे ते सांगा.

पेटीत थर्मामीटरच नव्हता. शेवटी ओव्हनमधलं मांस तपासायचा थर्मामीटर त्यांनी पेटीतल्या नारळाच्या भुशात खुपसला. ६२ फॅरनहाइट. म्हणजे साधारण १७ सेल्सिअस. या जातीला दिवसा ७५ ते ८२ फॅरनहाइट लागतं. पेटीच्या बाजूला गरम होणारी मॅट होती, पण तिचा प्लग डिसेंबरात कुणीतरी काढला होता. ख्रिसमस ट्रीवरच्या दिव्यांच्या माळेला जागा हवी होती. झाड निघालं, माळ निघाली, प्लग मात्र तसाच लोंबत राहिला.

बेडकाला स्वतःची भट्टी नसते. आपलं पोट बाहेर बर्फ पडत असला तरी ९८ वर चालतं. त्याचं पोट जितकी खोली गरम तितकंच चालतं. गारठ्यात पाचकरस मंदावतात, आतडं थांबल्यासारखं होतं, आणि गिळलेला किडा पचायच्या ऐवजी पोटात सडतो. तेव्हा १७ अंशांवर न जेवणारा बेडूक हट्टी नसतो, शहाणा असतो. कार्डाने जबडा उघडून आपण त्याचा शहाणपणा मोडत असतो. जबड्याचं हाड नाजूक असतं ते वेगळंच, आणि या जातीच्या खालच्या जबड्यावर दातांसारखी दोन टोकं असतात, तेव्हा बोटाचंही काही खरं नाही.

माझं आजोळ कुडाळजवळचं. पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री शेतात डराव डराव सुरू व्हायचं आणि सकाळी बांधावर पिवळेजर्द बेडूक दिसायचे, गळ्याच्या दोन बाजूंना निळे फुगे. हे आपले भारतीय बुलफ्रॉग, पिवळे झालेले सगळे नर. पण मार्गशीर्षात, चैत्रात ते कुठे असतात, हे आम्ही कधी विचारलं नाही. जमिनीखाली, न खाता. चाकोतले मोदकाचे भाऊबंदही तेच करतात. कोरड्या दिवसांत मातीत उतरतात, कातडीचे थर टाकत अंगाभोवती कोष करतात आणि पावसाची वाट बघतात. धडधाकट मोठा बेडूक काही आठवडे उपाशी राहू शकतो. लहान पिल्लाचं तसं नाही, त्याच्या अंगात साठाच नसतो. आणि घरातली गार पेटी म्हणजे चाकोतला कोरडा मोसम नव्हे. धड झोप नाही, धड जाग नाही, असं अधांतरी ठेवणारी ती जागा.

आता पाण्याकडे येतो, कारण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते त्याबद्दल.

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. तो पाण्यात बसतो आणि पोटाखालच्या, मांड्यांजवळच्या पातळ कातडीतून पाणी आत घेतो. थोडा श्वासही कातडीतूनच घेतो. म्हणजे आपण ज्याला त्याची कातडी म्हणतो ती कातडी, ओठ आणि थोडंफार फुप्फुस असं तिन्ही आहे. तिच्यावर जे लावाल ते आत जातं. हळद तुम्हा-आम्हाला चालते. त्याला ती चालेल की नाही हे बघायची जागा त्याचं पोट नव्हे. वेदनाशामक मिसळलेली मलमं तर अजिबात नकोत. त्यातल्या बेंझोकेनने आम्ही बेडकाला भूल देतो, आणि मात्रा वाढली तर कायमची झोप. हाताला सॅनिटायझर चोळून त्याला उचलू नका. हात साबणाने धुवा, साबण पूर्ण जाईपर्यंत धुवा, आणि ओल्या हातानेच धरा.

नळाचं पाणी? उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातो. पण बऱ्याच शहरांत हल्ली क्लोरामिन घालतात, तो रात्रभर ठेवून उडत नाही. त्यासाठी पाळीव माशांच्या दुकानात मिळणारे, पाण्यातलं क्लोरामिन मारणारे थेंब घालावे लागतात. यावर काही हुशार लोक डिस्टिल्ड पाण्याचा कॅन आणतात. म्हणतात, याहून शुद्ध काय असणार!

त्यांना मी सिडनी रिंगरची गोष्ट सांगतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले डॉक्टर. १८८२ च्या सुमाराला ते बेडकाचं हृदय शरीराबाहेर मिठाच्या पाण्यावर चालू ठेवायचे प्रयोग करत होते. हृदय छान चाललं. पुढे लक्षात आलं, की द्रावण करताना डिस्टिल्ड पाण्याऐवजी नळाचं पाणी वापरलं गेलं होतं. शुद्ध पाण्याने पुन्हा करून पाहिलं तर ठोके लवकरच मंदावून थांबले. नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं, आणि त्या हृदयाला तेच हवं होतं. दवाखान्यात सलाईन लावताना सिस्टर ‘आरएल’ म्हणते ना, ते रिंगर लॅक्टेट, त्यातला रिंगर हाच. एका बेडकाच्या काळजाने ती बाटली तुमच्या-आमच्या पलंगाशेजारी आणून टांगली. आजही सुजलेल्या किंवा सुकलेल्या बेडकाला आम्ही त्याच धर्तीच्या क्षारपाण्यात बसवतो. तेव्हा त्याला रोज नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात भिजवू नका. क्षार काढलेलं पाणी त्याच्या अंगातले क्षार ओढून घेतं.

क्षारांचा विषय निघाला म्हणून एक भीतीदायक गोष्ट. बेडकांच्या कातडीवर वाढणारी कायट्रिड नावाची बुरशी आहे. वॉशिंग्टनच्या नॅशनल झूमध्ये मेलेल्या एका निळ्या विषारी बेडकाच्या कातडीवरून तिचा शोध लागला आणि १९९९ मध्ये तिला नाव मिळालं. २०१९ मधल्या एका मोठ्या मोजदादीनुसार या रोगामुळे बेडूक आणि त्यांच्या नातलगांच्या ५०१ जाती घटल्या, त्यातल्या ९० बहुधा नामशेष झाल्या. कातडीवरची बुरशी जीव कसा घेते, हे कोडंच होतं. ऑस्ट्रेलियातल्या हिरव्या झाडबेडकांवर काम झालं आणि २००९ मध्ये उत्तर मिळालं. कातडीतून क्षारांची ने-आण बिघडते, रक्तातलं सोडियम आणि पोटॅशियम उतरतं, आणि हृदय थांबतं. पुन्हा रिंगरचंच दुकान! घरात याची सुरुवात कशी दिसते? बेडूक जेवणं सोडतो. दिवसा कोपऱ्यात लपणारा उघड्यावर बसतो. कातडी सारखी निघते. उताणा केला तर सुलटा व्हायला वेळ लावतो. असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. कापसाच्या बोळ्याने कातडी पुसून तपासणी होते, औषध आहे, पण बुरशीचं औषध किती पातळ करायचं आणि किती मिनिटं भिजवायचं हा घरगुती प्रयोग नव्हे. आणि त्या पेटीतलं पाणी बागेत किंवा ओढ्यात ओतू नका. ब्लीच घालून मगच टाका.

सगळे न जेवणारे ‘न जेवणारे’ नसतात, हेही सांगायला हवं. एक मुलगी तिचा व्हाइट्स ट्री फ्रॉग घेऊन आली. हिरवागार, गुबगुबीत, चेहरा नेहमी नुकती पुरणपोळी खाल्ल्यासारखा. तक्रार तीच. मी म्हटलं, खायला देताना स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढ. दोन दिवसांनी तिने पाठवला. किडा हलतो, बेडूक मान वळवतो, झेप घेतो, जीभ किड्याला बरोबर लागते, आणि रिकामी परत येते. पुन्हा झेप, पुन्हा रिकामी. चौथ्यांदा तो नुसता बघत बसतो. त्याला भूक होती हो! जीभ चिकटत नव्हती. अ जीवनसत्त्व कमी पडलं की जिभेतल्या चिकट स्राव करणाऱ्या ग्रंथी बदलून कोरड्या होतात. पिंजऱ्यात वाढवलेल्या वायोमिंगच्या दुर्मीळ भेकांमध्ये हे नीट ओळखलं गेलं. दुकानातल्या रातकिड्यांत अ जीवनसत्त्व जवळपास नसतंच, कॅल्शियमही फॉस्फरसच्या मानाने फारच कमी. म्हणून किड्यांवर भुकटी भुरभुरवायची, आणि ती अ जीवनसत्त्व तयार रूपात असलेली हवी. गाजर पुरत नाही. पण इंजेक्शन किंवा थेंब मोजूनमापून, कारण जास्त झालेलं अ जीवनसत्त्वही विषच.

बाकीची कारणं भराभर सांगतो. उंदराची पिल्लं खाऊन लठ्ठ झालेल्या बेडकाच्या बुबुळावर चरबीचा पांढरा पडदा येतो, मग त्याला किडा दिसतच नाही. आणि बेडकाचा डोळा मुळात हलणाऱ्या गोष्टीच टिपतो, मेलेल्या माश्यांच्या ढिगात बसून तो उपाशी मरेल. जबडा रबरासारखा मऊ लागला तर हाडांतलं कॅल्शियम संपलंय. पोट टणक आणि शी बंद, तर त्याने खडी गिळली असेल. जंत असतील, ते ताज्या शीच्या तपासणीत कळतं. मांड्या-पोटावर लाली पसरली, अंग फुग्यासारखं सुजलं, किंवा मागून गुलाबी मांस बाहेर आलं, तर वाट बघू नका. मांस बाहेर आलं असेल तर ते ओलं ठेवा आणि निघा. सगळे डॉक्टर बेडूक बघत नाहीत. सरपटणारे आणि उभयचर प्राणी बघणाऱ्या पशुवैद्यांची इथे संघटना आहे, तिच्या यादीत जवळचं नाव सापडतं.

मोदकाचं काय झालं? माझ्याकडे आणला तेव्हा १९० ग्रॅम भरला. मुलाच्या वहीत ऑक्टोबरचं वजन होतं २१४. मी त्या मुलाची पाठ थोपटली, कारण इतक्या पालकांत वही आणणारा तो एकटा. शी तपासली, तोंड बघितलं, पोट चाचपलं. लाली होती ती भुशात घासल्याची. औषध काहीच दिलं नाही. मॅट पुन्हा लावली, खाली नाही, बाजूच्या काचेला, कारण हा बेडूक गारव्यासाठी खाली उकरतो आणि खाली मॅट असेल तर भाजतो. तापमान दोन दिवसांत हळूहळू चढवलं. रोज २० मिनिटं कोमट, थेंब घातलेल्या पाण्यात बैठक, पाणी नाकपुड्यांच्या बरंच खाली. मोकळे सोडलेले रातकिडे बाहेर काढले, कारण बेडूक खात नसेल तर ते रात्री बेडकालाच कुरतडतात. पेटीवर टॉवेल. आणि सहा दिवस कुणीही खायला द्यायचं नाही. सासूबाईंना हे सगळ्यात अवघड गेलं.

सहाव्या रात्री मुलाने व्हिडिओ पाठवला. मोदक अंग फुगवतो, जांभई दिल्यासारखं तोंड उघडतो, पुढच्या पायांनी डोक्यावरून काहीतरी ओढतो, आणि गिळताना डोळे आत जातात. बेडकाचे डोळे घास मागे ढकलायला मदत करतात, म्हणून ते असे बुडतात. तो कात टाकत होता आणि तीच खात होता. पंचवीस दिवसांनंतरचं पहिलं जेवण म्हणजे स्वतःचीच कातडी.

इथे पुढच्या रांगेतल्या छोट्याने हात वर केलाय. विचार. (प्रश्न: मग दुसऱ्या दिवशी त्याला खूप खायला दिलं का?)

नाही. आपल्याकडे म्हणतात ना, एकादशी आणि दुप्पट खाशी. ते इथे चालत नाही. बरेच दिवस उपाशी असलेल्या शरीरावर एकदम मोठं जेवण लादलं तर रक्तातले क्षार पुन्हा कोलमडतात. दुसऱ्या दिवशी एक गांडूळ, त्याचा अर्धाच तुकडा, चिमट्यात धरून त्याच्यापुढे हळूच हलवला. मोदकाने तो घेतला, आणि चिमटाही घेतला. चिमटा सोडवायला दहा मिनिटं लागली. पुढचा अर्धा तुकडा चार दिवसांनी.