समोर असून सापडत नाही

(व्याख्यानमालेतील भाषण, जळगाव, किंचित संपादित)

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो, पत्रिकेवर विषय छापलाय, ‘निरोगी प्रौढांमधील दृश्यशोध आणि अवधान यांचे मापन’. हे वाचूनही तुम्ही आलात, म्हणजे घरी लाइट गेलेली असणार.

माझं म्हणणं साधं आहे. डोळ्यांच्या डॉक्टरकडे आपण तक्त्यावरची अक्षरं वाचतो आणि ‘नजर उत्तम’ असा शेरा घेऊन घरी येतो. पण तिथे अक्षर कुठे आहे हे आधीच ठाऊक असतं. पसाऱ्यातून हवी ती वस्तू हुडकणं, म्हणजेच पत्रिकेवरचा ‘दृश्यशोध’, हे निराळंच काम, आणि ते आपल्याकडे कुणी तपासत नाही.

या तक्रारीची किंमत मी एका दाढेने मोजली आहे. चोपडा तालुक्यात मेहुण्याच्या मुलीचं लग्न. आदल्या दुपारी ओसरीवर बायका परातीत तूरडाळ निवडत बसलेल्या. डाळ मिलमधून सॉर्टेक्स होऊन, म्हणजे यंत्राने खडे वेचून आलेली, त्यामुळे गप्पांना ऊत. मी तिथेच खाटेवर पडलो होतो. सुरुवातीला बोटं डाळीतून सावकाश फिरत होती. पण पाच-सहा पराती झाल्या तरी खडा निघेना, तसा हात झपाझप सुटला. ‘साफच आहे बाई,’ असं म्हणत परात पातेल्यात रिकामी. दुसऱ्या दिवशी पंगतीत बट्टी कुस्करली, वर वरण, त्यावर तुपाची धार (तुपाबद्दल तक्रार नाही), पहिला घास, आणि कट्! अर्धी दाढ हातात. मेहुणा धावत आला. ‘काय व्हयनं दाजी?’ खडा दाखवला, तर म्हणतो, ‘इतली पंगतमा तुमनाच ताटमा कसा उना?’ आता याला काय उत्तर द्यायचं! पुढे दाताच्या डॉक्टरने जे बिल लावलं, त्यात आहेर दोनदा झाला असता. ते जाऊ द्या.

खडा डाळीच्याच रंगाचा होता. काळा असता तर कुणाच्याही नजरेत भरला असता. आणि निवडणाऱ्या सगळ्यांची नजर धडधाकट. एकजण तर सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवते.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, दहा मिनिटं उरलीत. म्हणजे मुख्य विषयाला हात घालायला हवा.

अॅन ट्रीझमन आणि गॅरी जेलेड या मानसशास्त्रज्ञांनी 1980 मध्ये मांडलेला सिद्धान्त असा: हिरव्या अक्षरांत एकच लाल अक्षर असेल, तर भोवती चार अक्षरं असोत की तीस, सापडायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. पण रंग आणि आकार दोन्ही जुळवून शोधायचं असेल, म्हणजे लाल एक्स आणि हिरवे ओ यांच्या गर्दीतून लाल ओ, तर अक्षरागणिक वेळ वाढत जातो. कारण तिथे लक्ष एकेका वस्तूवर नेऊन बसवावं लागतं. चाचणीत पडद्यावरची गर्दी कमी-जास्त करायची, ‘आहे’ किंवा ‘नाही’चं बटण दाबायला लावायचं आणि मिलिसेकंद मोजायचे. गर्दी वाढेल तसा वेळ किती वाढतो याचा आलेख काढायचा; त्याचा चढ तुमचा शोध सांगतो. ‘नाही’ म्हणायला साधारण दुप्पट चढ लागतो, कारण सगळं पाहून झाल्याखेरीज तसं म्हणता येत नाही. निरोगी माणसांचे आकडे का हवेत? मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आलेल्या काही रुग्णांचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. त्यात कमी किती झालं, हे निरोगी माणसाचं माप असल्याशिवाय ठरवणार कसं?

आता माझ्या दाढेचा गुन्हेगार. जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये विमानतळावरच्या बॅग-तपासणीसारखी चित्रं लोकांपुढे ठेवली. शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत असताना ती 7 टक्के वेळा निसटली. शंभरात एकाच चित्रात असताना 30 टक्के. क्वचित सापडणारी गोष्ट माणूस शोधणं लवकर सोडतो. म्हणून तर विमानतळांवर तपासनिसाच्या पडद्यावर अधूनमधून मुद्दाम खोटी हत्यारं झळकवतात. वधूपक्षालाही मी सुचवलं होतं, प्रत्येक परातीत मोजून चार काळे खडे टाका. तेव्हापासून मला निवडणाच्या दिवशी बोलावत नाहीत.

2013 ची रेडिओलॉजिस्टांची गोष्ट राहिलीच: फुफ्फुसाच्या स्कॅनमध्ये गोरिलाचं चित्र घातलं होतं, 24 पैकी 20 जणांना दिसलं नाही. अध्यक्ष उभेच राहिले. चाचणी बाहेर लॅपटॉपवर लावून ठेवली आहे, दहा मिनिटांची. चष्मा असेल तर घालून बसा, मोबाइल बंद ठेवा, आणि शेजाऱ्याला उत्तर विचारू नका.